संगणक सकाळी उठत नाही

१४ ऑक्टोबर २०२५ नंतर विंडोज १० ला सुरक्षेचे अपडेट मिळणार नाहीत, ही बातमी नेरुळच्या आमच्या सोसायटीत सर्वांत आधी मी पसरवली. मला कोणी विचारलं नव्हतं. पण सेक्रेटरी झाल्यापासून न विचारलेलं सांगणं हा माझ्या कामाचाच भाग झालाय. ग्रुपवर मी ठळक अक्षरांत लिहिलं, 'सर्व सभासदांनी आपापले संगणक वेळेत विंडोज ११ वर न्यावेत. अडचण आल्यास सेक्रेटरींशी संपर्क साधावा.' त्याखाली दोन-चार अंगठे उमटले आणि बी विंगमधून प्रश्न आला, 'पाणी किती वाजता सोडणार?'

माझा हा आत्मविश्वास हवेतला नव्हता. मी एमएस-सीआयटी उत्तीर्ण आहे. ऑफिसात वेतनवाढ अडली होती म्हणून तो कोर्स केला, हे खरं. पण प्रमाणपत्र लॅमिनेट करून ठेवलंय आणि सोसायटीच्या निवडणुकीत त्याचा उल्लेखही केला होता. मेंटेनन्सची बिलं वहीतून एक्सेलमध्ये आणली ती मी. फॉर्म्युला लावून आजची तारीख आपोआप पडेल अशी व्यवस्था केली तीही मी. या फॉर्म्युल्याचं पुढे काय झालं ते येईलच.

आमचे खजिनदार मात्र अजून वही ठेवतात. बँकेतून निवृत्त झालेले आहेत. लाल कापडी पाठीची, आडव्या रेघांची वही. संगणकावर काही छापून आलं की ते आधी वहीशी ताडून बघतात आणि मगच मान हलवतात. ती मान हलेपर्यंत मी उभा असतो.

तर दसरा. २ ऑक्टोबर. साडेतीन मुहूर्तांपैकी एक, त्यामुळे अपग्रेडसाठी याहून चांगला दिवस नाही असं मी जाहीर केलं. सकाळी संगणकाला हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं, आपट्याचं पान ठेवलं. बायको म्हणाली, "अहो, चालतंय ना सगळं नीट? मग कशाला हात लावताय?" हा प्रश्न आमच्या संसारात तिने अनेक प्रसंगी विचारलाय. तिचं म्हणणं ऐकलेला एकही प्रसंग मला आठवत नाही, म्हणून तर ती अजून विचारते.

माझा संगणक २०१८ साली लॅमिंग्टन रोडवरून जुळवून आणलेला. विंडोज ११ ला इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. माझा नेमका आठव्या पिढीचा निघाला, म्हणजे काठावर पास. पण तपासणीच्या प्रोग्रॅमने दोन ठिकाणी लाल फुली मारली: टीपीएम २.० नाही, सिक्युअर बूट नाही. टीपीएम म्हणजे कुलपाच्या किल्ल्या सांभाळणारा भाग. सिक्युअर बूट म्हणजे आपल्या गेटवरचा वॉचमन, संगणक सुरू होताना आत येणाऱ्या प्रोग्रॅमची सही बघितल्याशिवाय त्याला सोडत नाही. दोन्ही माझ्या मदरबोर्डमध्ये होते, फक्त बंद ठेवलेले. आता बंद आहेत म्हटल्यावर चालू करायचे, एवढं तर एमएस-सीआयटीवाल्याला कळतंच.

संगणक सुरू होताना डिलीटचं बटण धडाधड दाबत राहिलं की बायॉसचा पडदा उघडतो. तिथे मी आयुष्यात पहिल्यांदाच शिरलो. टीपीएमला तिथे पीटीटी म्हणतात, ते चालू केलं. सिक्युअर बूट मात्र राखाडी दिसत होतं, हात लावू देईना. त्यासाठी सीएसएम नावाचं काहीतरी बंद करावं लागतं असं कळलं. केलं बंद. एफ-१० दाबून जतन केलं. संगणक बंद झाला, सुरू झाला आणि मला परत त्याच पडद्यावर आणून सोडलं. परत जतन केलं, परत तिथेच. विंडोजचा पत्ता नाही.

ऐरोलीच्या एका कंपनीत भाचा आहे, त्याला फोन लावला.

"मामा, सीएसएम का बंद केलंस?"

"सिक्युअर बूटसाठी."

"अरे, पण तुझी डिस्क एमबीआर आहे ना!"

एमबीआर ही डिस्कची विभागणी नोंदवायची १९८३ सालची पद्धत. दोन टेराबाइटच्या पुढची डिस्क तिला पूर्ण वापरता येत नाही. नवीन पद्धतीचं नाव जीपीटी. जुनी बायॉस पद्धत आणि एमबीआर ही एक जोडी, यूईएफआय आणि जीपीटी ही दुसरी. विंडोज सुरू व्हायचं तर जोडी जमावी लागते. मी एका जोडीतला एक आणि दुसरीतला एक असा संसार मांडला होता. भाच्याने सीएसएम परत चालू करायला लावलं, विंडोज आलं, मग त्याने फोनवरून एक एक अक्षर सांगत मायक्रोसॉफ्टचाच 'एमबीआर टू जीपीटी' हा प्रोग्रॅम चालवायला लावला. त्यात डिस्कवरचा मजकूर न पुसता पद्धत बदलता येते. त्याआधी त्याने विचारलं, "बॅकअप घेतलायस ना?" मी म्हटलं, "आहे की." खजिनदारांची वही माझ्या डोळ्यांसमोर होती.

डिस्क बदलली, सीएसएम बंद केलं, सिक्युअर बूट चालू केलं, दोन्ही फुल्या हिरव्या झाल्या. संध्याकाळपर्यंत टक्केवारी चढत राहिली आणि दिवेलागणीला विंडोज ११ उघडलं. खालच्या पट्टीतली चित्रं मध्यभागी आली होती. बायको म्हणाली, "एवढ्यासाठी?" मी पडद्याचा फोटो ग्रुपवर टाकला. लिहिलं, 'सोसायटीचा संगणक अद्ययावत. विजयादशमीच्या शुभेच्छा.'

सकाळी बटण दाबलं. पंखा फिरला, काळ्या पडद्यावर पांढरी ओळ आली: 'रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस.' म्हणजे, योग्य यंत्र निवडा. माझ्याकडे तेवढं एकच होतं.

त्यानंतर मी जे केलं त्याला शास्त्रात आधार नाही असं म्हणता येणार नाही; फक्त त्याचा या आजाराशी संबंध नव्हता. मी कॅबिनेट उघडलं. रॅमच्या पट्ट्या काढून त्यांच्या सोनेरी दातांवर खोडरबर घासलं, कारण संगणक दुरुस्त करणारा प्रत्येक माणूस हे करताना मी पाहिलाय. धूळ फुंकली, ती डोळ्यात गेली. डिस्कची केबल काढून परत लावली. शेजारच्या कॉलेजातल्या मुलाच्या लॅपटॉपवर विंडोजचा इन्स्टॉलर पेनड्राइव्हवर घेतला (त्याला किमान ८ जीबीचा लागतो, माझा ४ चा निघाला, त्यामुळे त्याचाच घेतला) आणि स्टार्टअप रिपेअर चालवलं. त्याने बराच वेळ निदान केलं आणि दुरुस्ती जमली नाही असं कळवलं. मग काळ्या खिडकीत 'बूटरेक'चे हुकूम दिले. 'फिक्सबूट'ला उत्तर आलं, 'ॲक्सेस इज डिनाइड.' स्वतःच्या घरात, स्वतःच्या संगणकावर, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी प्रवेश नाकारला जाणं काय असतं ते तेव्हा कळलं.

शनिवारी भाचा ठाणे-नेरुळ लोकलने आला. बायॉसमध्ये गेला आणि म्हणाला, "मामा, सगळं परत जुन्या सेटिंगवर आहे. तूच काहीतरी बदललंयस." मी नाही म्हणालो. त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती माझ्या बहिणीची नजर आहे, लहानपणापासून ओळखतो. त्याने सेटिंग केलं, विंडोज लागलं. तो जेवला, श्रीखंड दोनदा घेतलं आणि गेला. संध्याकाळभर मी संगणक मुद्दाम बंद करून चालू करून पाहिला. दर वेळी व्यवस्थित.

रविवारी सकाळी परत पांढरी ओळ.

आता मला नवीन सिद्धांत सापडला. संगणक रात्रभर गार पडतो आणि सकाळी डिस्क आखडते. हा सिद्धांत मी खजिनदारांना सांगितला, तेव्हा बाहेर ऑक्टोबर हीटमध्ये आम्ही दोघंही घामाघूम झालो होतो. त्यांनी वहीचं पान उलटलं.

भाच्याने आता मला सेटिंग बदलायला शिकवलं होतं. त्यामुळे रोज सकाळी अंघोळीनंतर मी बायॉसमध्ये जाऊन पीटीटी चालू, सीएसएम बंद, सिक्युअर बूट चालू, एफ-१० असा नेम सुरू केला. बायको म्हणायची, "देवपूजा झाली का हो तुमची?" त्याच आठवड्यात, ८ ऑक्टोबरला, आमच्या अंगणातल्या नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. टीव्हीवर ते चालू असताना मी टेबलाखाली होतो. अख्खं विमानतळ उघडलं, माझी एक्सेलची फाइल उघडेना. (विमानं उडायला २५ डिसेंबर उजाडला, हे मला नंतर थोडं बरं वाटायला उपयोगी पडलं.)

शेवटी कॅबिनेट मांडीवर घेऊन रिक्षाने वाशी गाठलं. दुकानदाराने दोन दिवस ठेवून घेतला. "सर, एकदम ओके आहे. दोन दिवस चालू-बंद केला, काही प्रॉब्लेम नाही." तपासणीचे पैसे मात्र प्रॉब्लेम असल्यासारखे घेतले. वर सल्ला दिला, "पुन्हा झालं तर मदरबोर्ड बदला." घरी आणला, जोडला, पांढरी ओळ.

या काळात मी मनाला समजवायला मोठी उदाहरणं शोधत होतो आणि एक तर अगदी आपल्या दारातलंच सापडलं. नेरुळहून उरणची लोकल जाते त्या वाटेवर न्हावा शेवा स्टेशन लागतं. तिथल्या बंदरात २७ जून २०१७ ला गेटवे टर्मिनल्स इंडिया हे टर्मिनल ठप्प झालं होतं. नॉटपेट्या नावाचा घातकी प्रोग्रॅम जगभर पसरला होता, आणि तो घुसला होता कशातून, तर युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. तो डिस्कच्या अगदी सुरुवातीची नोंद, म्हणजे माझं ते एमबीआर, खराब करायचा; संगणक पुन्हा सुरू केला की विंडोज यायचंच नाही. मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीचं सगळं जाळं कोसळलं आणि तिच्याच गटातलं हे टर्मिनलही. ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक दहा दिवसांत नव्याने उभे केले, असं त्यांच्या अध्यक्षांनी पुढे दावोसला सांगितलं.

हे मी बायकोला आणि खजिनदारांना एकत्र बसवून ऐकवलं. हेतू हा की, जगात एवढ्या मोठ्या कंपन्यांचं होतं, तिथे माझं काय. पण गोष्ट रंगात आल्यामुळे मी शेवटही सांगून बसलो. मर्स्कच्या जाळ्यात कोणाला कुठे प्रवेश आहे याची नोंद ठेवणारे सगळे सर्व्हर पुसले गेले होते. एकच वाचला, तो घानामधला. का वाचला? तर हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती, म्हणून तो जाळ्यापासून तुटलेला होता. त्या एका नोंदीवर बाकीचं उभं राहिलं.

बायको म्हणाली, "बघा. म्हणून मी रात्री मेन स्विच बंद करते."

खजिनदारांना १९ जुलै २०२४ जास्त आवडला. सुरक्षेच्या एका सॉफ्टवेअरचं सदोष अपडेट गेलं आणि मायक्रोसॉफ्टच्याच अंदाजाने ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले. आपल्याकडे विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. "हाताने," खजिनदार म्हणाले आणि वहीवर हात ठेवला.

बायकोने मेन स्विचचं वाक्य टाकलं होतं, मी ते ऐकलंही होतं, आणि तरी माझ्या डोक्यात काही पेटलं नाही. याची नोंद इथे करतो, कारण बायकोने ती करून ठेवलेलीच आहे.

उलगडा झाला तो मेंटेनन्सच्या बिलांमुळे. तिमाहीची बिलं आधीच उशिरा होती. एके सकाळी बायॉसचा नेम आटोपून मी घाईने सगळी छापली आणि वॉचमनकडून घरोघर वाटली. तासाभरात पहिल्या मजल्यावरचे काका बिल फडकवत आले. "सेक्रेटरी, हे आम्ही भरलंय." त्यांच्या हातात दुसरा कागद होता, २०१८ ची पावती. मी माझं बिल पाहिलं. तारीख होती, १ जानेवारी २०१८. फॉर्म्युल्याने आपलं काम चोख केलं होतं. आजची तारीख म्हणून संगणक जी सांगेल ती त्याने छापली.

बातमी जिन्याने चढत गेली. दुपारपर्यंत ग्रुपवर दोन पक्ष पडले. एकाचं म्हणणं, २०१८ ची थकबाकी कोणाकडेच नाही, सबब बिल रद्द. दुसऱ्याचं म्हणणं, २०१८ चं बिल असेल तर २०१८ च्या दराने द्या. दोन्ही पक्षांत मिळून अख्खी सोसायटी होती. पुनर्विकासाच्या सभेला कोरम होत नाही, आणि इथे एकमत.

खजिनदार बिल घेऊन घरी आले. मी म्हटलं, हे विंडोज ११ चं काम. त्यांनी चष्मा वर केला.

"आज सकाळी संगणक घड्याळात किती वाजले दाखवत होता?"

"तो काही दिवस मागेच पडतो. मी लावतो हाताने."

"किती दिवस?"

"गणपतीपासून असेल."

"मग त्याचा सेल गेलाय," ते म्हणाले. "भिंतीवरच्या घड्याळाचा जातो तसा."

एवढंच. मदरबोर्डवर नाण्याएवढी चपटी बॅटरी असते, सीआर २०३२. आकड्यातच माप आहे: २० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी. व्होल्ट ३. संगणकाला वीज नसताना घड्याळ चालवणं आणि बायॉसची सेटिंग लक्षात ठेवणं हे तिचं काम. भिंतीतलं बटण चालू असलं तर संगणक बंद असतानाही मदरबोर्डला बारीकशी वीज मिळत राहते आणि बॅटरी मेलेली असली तरी कोणाला पत्ता लागत नाही. म्हणून दिवसभर सगळं ठीक. म्हणून वाशीला दोन दिवस ठीक, कारण तिथे मेन स्विच बंद करायला माझी बायको नव्हती. रात्री ती बटण बंद करायची, बॅटरी दम सोडायची, आणि सकाळी बायॉस कारखान्यातून आला त्या दिवसाच्या समजुतीवर उठायचा: तारीख १ जानेवारी २०१८, सीएसएम चालू, पद्धत जुनी. अपग्रेडच्या आधीही हे होतच असणार. पण तेव्हा डिस्कही जुन्या पद्धतीची होती, त्यामुळे बायॉस विसरला तरी जोडी जमायची. फक्त घड्याळ मागे पडायचं. डिस्क मी नवी केली आणि जोडी रोज सकाळी मोडू लागली.

भर म्हणजे ब्राउझर रोज सकाळी 'तुमचं घड्याळ मागे आहे' असं स्पष्ट लिहून दाखवत होता. वेबसाइटची प्रमाणपत्रं २०१८ च्या हिशेबाने अजून जन्माला यायची होती, त्यामुळे एकही पान उघडत नसे. मी तो संदेश बंद करायचो, घड्याळ लावायचो आणि मदरबोर्डच्या किमती बघायचो.

खजिनदार घरी गेले आणि त्यांच्या बाथरूममधल्या वजनकाट्याची बॅटरी काढून घेऊन आले. नेमकी २०३२. कॅबिनेट आडवं ठेवलं. बॅटरीच्या कडेला एक छोटी पत्र्याची पट्टी असते, ती नखाने दाबली की बॅटरी टुणकन वर येते. जुनी काढली, अधिकचं चिन्ह वर ठेवून दुसरी बसवली. मी तेवढ्यात बायकोला हाक मारली, कारण बायॉस सेट करताना साक्षीदार हवा होता. रात्री तिने मेन स्विच बंद केला. नेहमीपेक्षा जरा जास्तच आवाज करून.

सकाळी विंडोज उघडलं. तारीख बरोबर, वेळ बरोबर. स्टेशनजवळच्या घड्याळाच्या दुकानातून मी दोन नव्या बॅटऱ्या आणल्या, शंभराच्या नोटेतून सुटे परत मिळाले. एक खजिनदारांच्या काट्यासाठी. ती बसवल्यावर त्यांच्या सौ. वजनकाट्यावर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की बॅटरी नव्हती तेच बरं होतं. एकंदर प्रकरणात सर्वांत जास्त नुकसान त्यांचं झालं असं मला वाटतं.

भाच्याला सांगितलं तर तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मामा, बिटलॉकर चालू नव्हतं हे तुझं नशीब." बिटलॉकर असेल तर डिस्क कुलूपबंद असते आणि टीपीएममध्ये किंवा सिक्युअर बूटमध्ये असा बदल झालेला दिसला की संगणक ४८ आकडी रिकव्हरी की मागतो. नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टचं खातं जोडलं की हे कुलूप बऱ्याचदा आपोआप लागतं, मालकाला माहीतही नसतं. की त्या खात्यात जाऊन बघता येते; ती आजच कागदावर लिहून ठेवा. आणखी एक. मी ज्या तारखेला एवढा घाबरलो होतो, त्या तारखेनंतरही विंडोज १० बंद पडलेलं नाही, आणि घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेटची वाढीव सोय होती. हे मी ग्रुपवर अजून टाकलेलं नाही.

तुमचा संगणक अपग्रेडनंतर सुरू होत नसेल, तर खोडरबर हातात घेण्याआधी बायॉसमधली तारीख बघा. चुकलेली असेल तर २०३२ मागा, घड्याळवाल्याकडेही मिळते. आणि आमच्या सोसायटीतल्या ज्या सभासदांकडे १ जानेवारी २०१८ तारखेचं बिल आहे, त्यांना कळवतो की रक्कम चालू तिमाहीचीच आहे आणि ती भरायची आहे. पावती खजिनदार हाताने देतील.